पहिला बर्लेस्क आणि समितीच्या शाली

हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की त्यातलं घडलेलं किती आणि मी रंगवलेलं किती, याची आता मलाच खात्री नाही. शेवटच्या रांगेतला तो उपरणं गुंडाळलेला माणूस तर मी खरंच पाहिला का, अशी अजून शंका येते. पण केतकीच्या उद्योगात मी सल्लागार होतो, एवढं नक्की. आणि जिथे हॉल, समिती आणि मान्यवर एकत्र येतात, तिथे किस्से शोधावे लागत नाहीत. ते अंगावर येऊन पडतात!

केतकी माझी भाची. मुंबईहून इव्हेंट मॅनेजमेंट शिकून आली आणि म्हणाली, "मामा, मी खान्देशात बर्लेस्क शो करणार." मी इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक, नावामागे डॉक्टर. पिसं, झगमगाट, प्रतिष्ठितांची टिंगल आणि खट्याळपणे एकेक कपडा उतरवत जाणारी नर्तकी, हे सगळं मला पुस्तकांतून ठाऊक. पाहिलेलं काहीच नाही. माझ्या बहुतेक ज्ञानाचं असंच आहे.

तिचे वडील बापू रावेरचे केळीचे व्यापारी. ते म्हणाले, "एक खेळ कर. एक जरी तक्रार आली, तर सगळं बंद. मग इथे येऊन पॅकिंगचं ऑफिस सांभाळायचं."

केतकी लगेच हो म्हणाली. धास्ती मी घेतली.

*

जळगावातल्या एका हॉलचे मॅनेजर म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. आमच्या स्टेजवर असलं काही चालत नाही."

मी भीतभीत म्हणालो, "पण मागच्याच महिन्यात इथे एका पुढाऱ्यासमोर डीजे लावून मुली नाचल्या ना?"

"ते वेगळं, सर. ते वाढदिवसानिमित्त होतं!"

*

शेवटी धुळ्यात हॉल मिळाला. तिथल्या समितीचे अध्यक्ष नाना. त्यांनी केतकीला एकच प्रश्न विचारला, "पोरी, आंगवर कपडा ऱ्हातीन ना?"

"सुरुवातीला राहतील, नाना."

"आनि मंग?"

"मग तुमचं लक्ष राहील."

नानांनी हॉलची डायरी उघडून तारीख लिहिली. मग म्हणाले, "देऊ हॉल. पन समितीना हाते सत्कार व्हवाले पाहिजे."

आम्ही आनंदाने मान डोलावली. तिथेच चुकलं.

*

बॅनर समितीने केला. समितीच्या प्रत्येक सदस्याचा फोटो, प्रत्येकाला गॉगल. नर्तकीला जागा उरली नाही.

चौकात तो लागला तेव्हा मी खाली उभा होतो. एक गृहस्थ मोटारसायकल थांबवून सगळा बॅनर नीट वाचून, सगळ्या गॉगलवाल्यांवर बोट फिरवत म्हणाले, "बाबा, हे बठ्ठा नाचतीन का?"

आणि तिकीट कुठे मिळेल, हे न विचारताच निघून गेले.

*

नर्तकी तारा पुण्याहून आली. तालमीत तिने लांब लाल हातमोजा काढायला सुरुवात केली. बर्लेस्कमध्ये एक मोजा निघायला अख्खं गाणं जातं, खरी कला तीच. मी तसं कोपऱ्यात कुणाला तरी समजावतही होतो.

आमचा साऊंडवाला बोदवडचा. अर्ध्या गाण्यात त्याने म्युझिक बंद केलं आणि काळजीने विचारलं, "ताई, अडकलाय का? खोबरेल आणू?"

*

आता मुख्य खेळ. बापूंनी आधीच कळवलं होतं, "मला जमणार नाही. त्या दिवशी गाड्या भरायच्या आहेत." हॉल मात्र भरला होता. शेवटच्या रांगेत एक माणूस डोक्या-तोंडाला उपरणं गुंडाळून बसलेला. उपरण्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, कितीही धुवा, न जाणारे. निदान मला तसं वाटलं. माझा चष्मा तेव्हा जुना होता.

ताराने पहिला मोजा काढून भिरकावला. हॉल शिट्ट्यांनी दणाणला. तेवढ्यात नाना माईकवर! "थांबा, थांबा. सत्कार राही गया." आणि त्यांनी तिला शाल पांघरली, हातात नारळ दिला.

ताराने नखऱ्यात खांदा उडवला, शाल खाली पडली. पुन्हा शिट्टी. उपाध्यक्ष धावले, "पडली, ताई, पडली!" म्हणत तीच शाल परत घातली, वर स्वतःची, आणि दुसऱ्या हातात आणखी एक नारळ. मग सचिव. मग खजिनदार. ज्यांचा बॅनरवर फोटो होता त्या प्रत्येकाला स्टेजवर स्वतःचाही फोटो हवा होता. दोन्ही हातांत नारळ असताना दुसरा मोजा काढता येत नाही, हे कुठल्याच पुस्तकात नाही. सुरुवातीपेक्षा जास्त कपड्यांत नर्तकी विंगेत गेली, असा बर्लेस्क, मी वाचलंय त्यात तरी, दुसरा झाला नसावा. प्रतिष्ठितांची टिंगल करायला आलेला खेळ प्रतिष्ठितांनीच गुंडाळला. आणि हेच लोक कला जपतात!

सकाळी नानांचा फोन. केतकीने स्पीकर लावला.

"पोरी, तक्रार उनी शे."

तिला रावेरचं पॅकिंगचं ऑफिस दिसू लागलं. बॅग भरायची तेवढी राहिली होती.

"कसली, नाना?"

"फोनवर एक मानूस माले म्हने, शाली टाकीसन बठ्ठा खेळ बिघाडा तुम्हीन! पोरगीनी मेहनत वाया गई. पुन्हा खेळ ठेवा, बिगर सत्कारना! नाव काही सांगं नहीं त्यानी."

केतकी खोटं बोलणारी नाही. तिने तिथूनच रावेरला फोन लावला. "बापू, एक तक्रार आली." आणि शब्द न् शब्द सांगितला.

 मग बापू म्हणाले, "असली तक्रार धरायची नसते. दुसरा खेळ कधी?"

या गोष्टीला वर्षं झाली. केतकीचे खेळ आता जळगावातही होतात, सत्काराशिवाय. गेल्या दिवाळीत रावेरला गेलो, तेव्हा बापूंच्या मुकादमाला सहज विचारलं, की केतकीच्या पहिल्या खेळाच्या दिवशी फार गाड्या भरल्या होत्या का.

"त्या दिवशी?" तो म्हणाला. "त्या दिवशी काम बंद होतं, सर. शेठ सकाळच्या एसटीनेच धुळ्याला गेले होते."