करवतीच्या कार्बोरेटरचे दोन स्क्रू

लग्न होऊन मी अमरावतीहून परतवाड्याला आले ती थेट लाकडाच्या डेपोत. हे तिथे व्यवस्थापक होते आणि आमचं घर आवारातच होतं. साठ सालानंतरची ती पहिली दोन-चार वर्षं. मेळघाटातून सागाचे ओंडके यायचे आणि दोन-दोन माणसं समोरासमोर बसून ते हातकरवतीनं कापायची.

एके दिवशी मालकांनी पेट्रोलवर चालणारी करवत आणली. सगळा डेपो गोळा झाला. दोरी ओढली की ती सुरू व्हायची, पण काम करायला खटका दाबला की लगेच बंद! शेवटी अचलपूरहून मिस्त्री आले. मोटारसायकली, ऑइल इंजिनं दुरुस्त करणारे, पांढऱ्या दाढीचे. सगळे त्यांना चाचा म्हणत.

"कार्बोरेटरची गडबड हाये," ते म्हणाले. "पेट्रोल बराबर जाऊन नाही राह्यलं."

करवतीसोबत इंग्रजी पुस्तिका होती. यांनी ती दोनदा उघडून मिटली होती. मी इंटरपर्यंत शिकलेली. न राहवून ओसरीवरून म्हणाले, "मी वाचू का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे.

"मले इंग्रजी येत नाही वहिनी, पन इंजिन येते," चाचा म्हणाले. "तुमी वाचा, मी फिरवतो."

मी पदर खोचून खाली उतरले. पुस्तिकेत लिहिलं होतं: कार्बोरेटरवरचे पेट्रोल कमी-जास्त करणारे दोन्ही स्क्रू आधी हलक्या हातानं पूर्ण बंद करायचे, मग एकेक फेरा उघडायचे. चाचांनी तसं केलं. करवत सुरू झाली, पण खटका दाबताच धापा टाकू लागली. "पहिला स्क्रू अजून थोडा उघडा, अगदी थोडा!" मी वाचून सांगितलं. पेचकस जरासा फिरला, आणि खटका दाबताच करवत झेपावलीच! माणसं ओरडली.

चाचांनाही चेव आला. ते खटका दाबून धरून दुसरा, भर वेगाचा स्क्रू आवळू लागले. आवाज चढत चढत किंचाळी झाला.

"वा! काय ताकत हाये!"

"चाचा, थांबा! उलटं, उलटं फिरवा!" मी पुस्तिका नाचवत ओरडले. "पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलही कमी जातंय. आतून जळेल ती!"

त्यांनी झटकन खटका सोडला. क्षणभर विचार केला, स्क्रू सैल केला आणि पुन्हा खटका दाबून कान देऊन ऐकलं. किंचाळी जाऊन भरदार, जरा फडफडता आवाज आला.

"हां," ते हसले. "हे बराबर हाये. मीच लालचावलो होतो."

मग त्यांनी पहिला ओंडका कापायला घेतला. भुसा कारंज्यासारखा उडाला, माझ्या लुगड्यावर, केसांत, तोंडात. बघता बघता ओंडका दुभंगला. मी चक्क टाळ्या वाजवल्या, यांनीही.

त्या संध्याकाळी मी पुस्तिकेचं मराठी करायला बसले. करवत कापत नसताना नुसती चालू राहते, त्याला शब्दच सापडेना. बाहेर चहा पीत बसलेल्या चाचांना विचारलं.

"त्यात काय? लिहा, 'बसल्या बसल्या चालते'!"

मी तेच लिहिलं.