हेडसरांचा खोकला

मंद्रूपच्या आमच्या शाळेत हेडसरांच्या आधी त्यांचा खोकला वर्गात यायचा. दोन बारके, एक लांबलचक, आन मग "गप बसा रे!" माझी पयली नक्कल ती. एकदा मी व्हरांड्यातनं खोकलो तर अख्खा वर्ग उठून उभा राह्यला, शिकवणाऱ्या बाईसुद्दा. लई मार खाल्ला. पण तवापासनं कुटंबी चार माणसं जमली की फर्माईश ठरलेली, "हेडसर काढ की बे!"

मग मलाच टीबी झाला. सहा म्हयने गोळ्या खाल्ल्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणल्या, "बरा झालास. तुझ्यापासनं आता कुणाला काय होत नाही. जा कामाला." चिंचोळीतल्या कंपनीनं परत घेतलं. कागदावर मी ठणठणीत.

कंपनीच्या गेटासमोर चाचं खोकं हाय. आदी आमी चौघं दोस्त दोन चा सांगायचो आन वाटून प्यायचो. कोण कुणाचा गिलास उचलतंय, पत्ता नसायचा. परतलो त्या दिवशी एकानं सांगितलं, "दोन चा तिघांत, आन एक फुल." फुल माझा. कागदी कपात.

"बढती झाली काय माजी?" मी इच्यारलं.

"आजारातनं उठलास, पोटभर पी की."

हसलो सगळे. मी जरा जास्तच. मग मी हेडसर काढले. आदीपेक्षा भारी जमले. सहा म्हयने सराव झालता. पण कुणी हसलं न्हाय. एकानं रुमाल तोंडाला लावला, मग लाजून नाक पुसल्यागत केलं. चावाल्या मामांनी पाण्याचा जग उचलून आत ठेवला.

"आरं, नक्कल हाय!"

"म्हाईत हाय की बे," रुमालवाला म्हणला, आन घड्याळ बघाय लागला.

तवापासनं सुट्टीत मी शेडमागं एकलाच डबा खातो. तिघांचेबी आवाज मीच काढतो. एक कांदा मागतो, एक सुपरवायझरला शिव्या घालतो, तिसरा नुसता हसतो. हसणारा लई हुबेहूब येतो.

गेल्या आठवड्यात त्या हसणाऱ्याचाच फोन आला. "करमंना बे. हेडसर काढ की."

फोनमधनं रोग लागत न्हाय. मी उभा राहून काढले. दोन बारके, एक लांबलचक.

"बे," त्यो हळूच म्हणला, "खरं खोकलास का?"

मी घाईघाईनं हेडसरांच्या आवाजात वरडलो, "गप बसा रे!" तवा कुटं हसला. म्हणला, "उद्या ये चा प्यायला."

गेलो. कागदी कप भरून तयार हुता. तिसऱ्या घोटाला चा घशात अडकला, खराच ठसका आला. मी तोंड मिटून, डोळ्यात पाणी येस्तवर दाबून धरला.

"काय झालं बे?"

"काय न्हाय," म्हणलं. "चा कडक हाय."