गॅस आग्नेयेला

"उतर खाली," असं ताईने मला आयुष्यात दोनदाच दरडावलंय. पहिल्यांदा मी आठ वर्षांचा होतो आणि बाबांच्या ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसलो होतो. दुसऱ्यांदा मी निवृत्त विज्ञान शिक्षक होतो आणि नागपूर-हैदराबाद हायवेवरच्या जाम गावाला एका ढाब्यामागे तिच्या घरगाडीच्या टपावर हातात पाना घेऊन उभा होतो. दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं आणि दोन्ही वेळा मी कुरकुर केली.

घरगाडी बांधली भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. लहानपणी ताप आला आणि त्यात त्यांचे कान गेले; तेव्हापासून त्यांना ऐकू येत नाही. वर्ध्याच्या एका गॅरेजात ट्रकच्या आणि बसच्या बॉड्या बांधण्यात त्यांची हयात गेली. तिथलं काम सुटल्यावर त्यांनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस आणून आंजी या आपल्या गावी घरासमोर उभी केली आणि वर्षभर तिच्या आत-बाहेर खपले. दोन पलंग, पलंगांखाली पाण्याची टाकी, भांड्यांना कप्पे, दिव्या-पंख्याला वेगळी बॅटरी. त्या गाडीत एकूण अकरा दारं आणि झडपा आहेत आणि त्यातलं एकही कुरकुरत नाही. ज्याला कुरकुर ऐकूच येत नाही त्याने हे कसं जमवलं, याचं मला फार कोडं होतं. मग एकदा पाहिलं. ते दारावर तळहात ठेवतात, दार हळूच उघडतात आणि हाताला जरा थरथर लागली की बिजागरी काढून पुन्हा बसवतात.

गाडी चालवते ताई. समुद्रपूरकडे आमचं शेत होतं तेव्हा बाबांचा ट्रॅक्टर तीच चालवायची, आणि भाड्याने ड्रायव्हर ठेवायची कल्पनाही तिला सहन होत नाही. तिचा आणि भाऊजींचा हिवाळ्यातला क्रम ठरलेला: कापूस वेचून झाला की दोघं निघायचे. गेल्या हिवाळ्यात चार दिवस मलाही नेलं. आता वाटतं, नेलं नसतं तर त्यांची एक दुपार सुखात गेली असती.

गाडीत टीव्ही होता तो एकाच कारणासाठी. माझी भाची, त्यांची एकुलती एक मुलगी, मुंबईला एका सरकारी वाहिनीवर बातम्यांचा खुणांच्या भाषेत अनुवाद करायला लागली होती. लागली म्हणजे राखीव. नेहमीची बाई आली नाही तर हिचा नंबर, आणि तो नंबर लागला हे त्याच दिवशी सकाळी कळणार. कितीतरी महिने नंबर लागला नव्हता. तो लागेल तेव्हा आपण नेमके कुठेतरी रस्त्यावर असू आणि लेकीला पाहायचं राहून जाईल, ही भाऊजींची एकच धास्ती होती. म्हणून त्यांनी भिंतीत टीव्ही बसवला आणि टपावर महिन्याचे पैसे न लागणारी डिशची छत्री बसवली. गाडी निघाली की छत्री आडवी पडायची, थांबली की उभी करून खिट्टी लावायची. छत्रीच्या खालच्या बैठकीवर त्यांनी छिन्नीने एक खूण केली होती. मला वाटलं चरा पडलाय.

"एवढा खटाटोप कशाला, फोनवर दिसतं की सगळं," असं मी पहिल्याच दिवशी म्हणून गेलो, आणि एक बुलेटिन लावून फोन भाऊजींच्या हातात दिला. खुणा करणारी बाई कोपऱ्यात, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला, चष्मा वर केला, आणि नम्रपणे परत दिला. एवढ्याशा बाईची बोटं कुणाला दिसणार? तीस-पस्तीस वर्षांच्या नात्यात ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

त्या घरात टीव्हीचं आणि हातांचं नातं जुनंच आहे. आंजीच्या घरावर काड्यांची अँटेना होती तेव्हा ती फिरवायला भाऊजी वर चढायचे आणि ताई आत पडद्यासमोर बसायची. बाकीच्या गावात "आलं का?" "नाई आलं!" असा आरडाओरडा चालायचा. यांच्याकडे ओरडून उपयोग नव्हता. तेव्हा सहा वर्षांची भाची अंगणात, दाराच्या तोंडाशी उभी राहायची. आईचं ऐकायची आणि बापाला हातांनी सांगायची. त्या घरातल्या खुणा त्यांनीच बनवलेल्या; देशभर चालणारी खुणांची भाषा भाची मोठेपणी शिकली आणि तिने ती बापालाही शिकवली. मी दिवाळीला गेलो की हे पाहायचो आणि मला गंमत वाटायची. शिकावंसं मात्र वाटलं नाही. मला येत होत्या त्या खुणा चारच: चहा, जेवण, ये, जातो.

आता माझ्या दीडशहाणपणाकडे येतो. ताईची दोन खुळं होती. गाडी कुठेही उभी करायची झाली की तिच्यातला गॅस आग्नेयेलाच आला पाहिजे, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या कोपऱ्यात, घरात चूल असते तसा. त्यासाठी ती गाडी तीनतीनदा मागेपुढे घ्यायची. आणि मग तव्यावर चमचाभर तेल टाकून ते कुठे ओघळतं ते पाहायची आणि तेल मध्ये थांबेपर्यंत चाकांखाली विटा सरकवायला लावायची.

"ताई, गाडीला कसलं आलं वास्तुशास्त्र?" मी म्हटलं. "आणि विटांसाठी बाजारात लेव्हल मिळते."

"त्यात धिरडं होते काय?" ती म्हणाली.

मी खूप हसलो. मग मास्तरकीच्या आवाजात तिला पृथ्वी, दिशा आणि अंधश्रद्धा यांवर पंधरा मिनिटं ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही जामला पोचलो तेव्हा ढाब्यामागे मोठा कडुलिंब होता, आणि मी म्हटलं, "इथे सावलीत लाव, तोंड रस्त्याकडे." तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी म्हणालो तशी गाडी लावली.

पाचच मिनिटांत भाचीचा फोन आला. "आई, आज एकच्या बातम्या मी करून राह्यली. बाबाले सांगजो!"

ताईने भाऊजींना सांगितलं. ते आधी उठून उभे राहिले, मग बसले, मग त्यांनी शर्ट बदलला. ताई म्हणाली, "मी चौकातून पेढे आणतो. तुम्ही दोघं तोवर छत्री पाहा." वऱ्हाडात बाया 'आणतो' म्हणतात, आणि ताईच्या तोंडी तो शब्द शोभतो.

छत्री उभी केली. पडदा काळा. जुन्या टीव्हीत निदान मुंग्या दिसायच्या, त्यांच्याआडून माणूस ओळखू यायचा. या नव्या प्रकारात एकतर लख्ख चित्र, नाहीतर काहीच नाही. म्हटलं, आता विज्ञानाचं काम. फोनमध्ये होकायंत्र उघडलं आणि टपावर चढलो. होकायंत्राने आधी एक दिशा दाखवली, दोन पावलं सरकलो तर भलतीच. चारी बाजूंनी लोखंडाची गाडी, शेजारी ट्रक, त्याने भरकटायचंच. हे मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. त्या दिवशी एकदाही आठवलं नाही. नट ढिले केले, छत्री फिरवली, खाली उतरून पाहिलं तर पडद्यावर सिग्नलची एक पट्टी चांगली भरलेली. मी जिंकल्यासारखा वर गेलो आणि नट आवळले. चित्र नाहीच. तिथे पट्ट्या दोन असतात आणि चित्र येतं ते दुसरीच्या जोरावर, ती कोरीच होती.

भाऊजी एवढा वेळ खाली उभे राहून मला काहीतरी सांगत होते. गाडीच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट, मग बोटं वर करून ज्वाळा, पुन्हा तोच कोपरा. पुन्हा ज्वाळा. मी म्हटलं, बिचाऱ्यांना तलफ आली असेल. ढाब्यावर गेलो आणि कटिंग चहा आणून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी कपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि चहा पिऊन टाकला, कारण ते सभ्य गृहस्थ आहेत. मी पुन्हा वर चढलो.

ताजे पेढे व्हायची वाट पाहून साडेबाराला ताई पुडा घेऊन आली. काळा पडदा पाहिला, नवऱ्याच्या हातातला रिकामा कप पाहिला. भाऊजींचे हात भराभर चालले. ती वर पाहून म्हणाली, "उतर खाली."

"अगं, दोन मिनिटं…"

"उतर म्हणतो न! चहा काऊन देला यायले? ते तुले गॅस म्हणून राह्यले, गॅस! गॅस आग्नेयेले पाह्यजे, तव्हाच छत्री लागते. अन् तू चहा घेऊन आला."

मी उतरलो. तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या वाहिन्यांचा उपग्रह आमच्या भागातून आग्नेयेलाच दिसतो, चांगला उंचावर. भाऊजींनी छत्रीची बैठक गॅसच्या डोक्यावरच जोडली होती, आणि आंजीला गॅस आग्नेयेला ठेवून एकदाच ती नीट लावून खूण करून ठेवली होती. पुढे प्रत्येक मुक्कामी ताई गाडी त्याच रोखाने लावणार, तव्यातल्या तेलावर ती सपाट करणार, मग छत्री आपोआप जागच्या जागी. मी येईपर्यंत एकदाही त्यांना चित्र शोधावं लागलं नव्हतं. यात वास्तू नव्हती की चमत्कार नव्हता. दोन माणसांनी एकमेकांच्या सवयी नीट पाहून केलेलं काम होतं.

"मला आधी सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"सांगतलं असतं त तू आणखी हासला असता," ती म्हणाली. हे ऐकून मला लाज वाटली आणि अजून वाटते.

पंचवीस मिनिटं उरली होती. भाऊजी घड्याळ पाहत नव्हते, पण त्यांनी नव्या शर्टाची गुंडी दोनदा काढून दोनदा लावली होती. मी फोन काढायला लागलो तशी ताईने हायवेकडे हात केला. "ठेव तो. नागपूर हे इकडे, हैदराबाद तिकडे. ट्रक कुठून येऊन राह्यले ते दिसत नाई काय? मंग आग्नेय कुठं आली, सांग मास्तर."

मी बोट दाखवलं. बोटासमोर नेमका माझा लाडका कडुलिंब होता.

तिने गाडी बाहेर उन्हात काढली. मागे घेतली, पुढे घेतली, आणि तिसऱ्या खेपेला गॅसचा कोपरा असा आणला की जगातल्या सगळ्या होकायंत्रांची मला कीव आली. मग तवा, तेल. तेल डावीकडे धावलं. मी निमूटपणे विटा आणल्या. एक, मग आणखी अर्धी, आणि तेल मधोमध थांबलं. भाऊजी टपावर गेले, माझे नट सोडले आणि छत्री छिन्नीच्या खुणेवर आणली.

"आता तू दारात राह्य," ताई पडद्यासमोर बसत म्हणाली. "मी सांगतो ते त्यायले सांगजो. मूठ कपाळापाशी नेऊन उघडली की 'आलं'. मूठ मिटून खाली आणली की 'गेलं'. दुसरं काई करू नको."

मी दारात उभा राहिलो. भाऊजी वरून वाकून माझ्या हाताकडे पाहत होते. एकदा मूठ मिटवली. पुन्हा मिटवली. छत्री बोटभर सरकली. "आलं!" ताई ओरडली, आणि मी कपाळापाशी मूठ उघडली.

एक वाजला. निवेदिका आली आणि पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात आमची पोर आली, गडद निळ्या कुडत्यात, केस मागे घट्ट बांधलेले.

"पाह्य," ताई म्हणाली, "तिलेही आग्नेयेतच बसवली."

भाऊजी पडद्यापासून हातभर अंतरावर बसले होते. बातम्या सुरू झाल्या. मी ऐकत होतो, ते पाहत होते. धरणाच्या पाण्याची बातमी आली, त्यांनी मान हलवली. कुठल्या तरी परीक्षेची बातमी आली, ते हसले. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की या माणसाला आणि मला एखादी गोष्ट एकाच क्षणी कळते आहे, आणि असं आजवर कधीच झालं नव्हतं. त्यांना जे कळायचं ते नेहमी आमचं बोलून झाल्यावर, कुणी आठवणीने सांगितलं तर. माझ्या घरच्या किती समारंभांत ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले असतील आणि मी त्यांना चहा नेऊन दिला असेल.

बातम्या संपल्या. निवेदिकेने नमस्कार केला, भाचीनेही केला. आणि चित्र बदलायच्या आधी, पापणी लवायला लागते तेवढ्या वेळात, तिने मूठ कपाळापाशी नेली, उघडली आणि भुवया वर केल्या.

आलं का?

त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. देशभर ज्यांनी ते पाहिलं त्यांना वाटलं असेल, पोरीने केस सारखे केले. ताईच्या हातातला पेढा तसाच राहिला. भाऊजी उठले आणि पडद्याला उत्तर देऊ लागले: मूठ कपाळापाशी, उघडी. पुन्हा मूठ, पुन्हा उघडी. तोवर पडद्यावर हवामानाचा नकाशा आला होता. तिला हे दिसणार नव्हतं.

दारात मीच उभा होतो, ती सहा वर्षांची असताना उभी राहायची तसा, आणि तिथल्या माणसाचं काम एकच असतं. मी खिशातून फोन काढला, भाऊजींच्या समोर धरला आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. दोनदा तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा तिचा चेहरा आला, तेव्हा तिच्या बापाचा हात कपाळापाशी उघडाच होता.