बर्क पुढे जाईना

अख्तरुन्निसाच्या घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं आणि ऐकायचं खिजरकडे. ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती, पण इतक्या वर्षांत मोडलीही नव्हती. म्हसळ्याहून नवी नवरी होऊन ती बहरीनला उतरली, तेव्हा खिजरने विमानतळावर तिला विचारलं होतं, "प्रवास कसा झाला?" त्याचं उत्तर अजून चालू आहे, असं शेजारची नीलम म्हणायची.

नीलम महाडकडची. तिथल्या सनद गावात मालक अबू युसुफच्या बागेच्या कडेला दोन जोडखोल्या होत्या. एकीत नीलम आणि तिचा नवरा दत्ताराम, दुसरीत ही दोघं. दोन्ही पुरुष अबू युसुफच्याच मीना सलमान बंदरातल्या गोदामात कामाला. दत्ताराम इलेक्ट्रिशियन, खिजर स्टोअरकीपर. एकीने मासे तळले की दुसरीकडे वाटी जायची, आणि वाटीबरोबर अख्तरुन्निसाही.

शहाण्णव सालच्या हिवाळ्याच्या तोंडाला अबू युसुफने इंग्लंडहून शिकारीचा कुत्रा आणवला. अंगावर तपकिरी ठिपके, कान लोंबते, नाव बर्क. बर्क म्हणजे वीज. कुत्र्याला फिरवणारा माणूस नेमका त्याच महिन्यात आपल्या मुलकाला निघून गेला, आणि खिजर एकदा चहाच्या वेळी बोलून गेला होता की गावी त्याचा चुलता सशाच्या शिकारीला कुत्रे न्यायचा. चुलत्याकडे कुत्रे होते हे खरं. ते दिसले की खिजर माळ्यावर चढून बसायचा हेही खरं, पण तेवढं सांगायचं राहिलं. अबू युसुफने साखळी त्याच्या हातात दिली.

काम म्हटलं तर सोपं होतं. गोदामातून आल्यावर बर्कला बागेमागच्या झुडपाळ माळावर न्यायचं आणि मोकळं सोडायचं. त्याने माणसाच्या खूप पुढे धावायचं, डावीउजवीकडे झुडपं हुंगायची, तित्तर लपलेला असेल तिथे थबकून उभं राहायचं. मग मागून ससाणा सोडायचा. पण बर्क चार उड्या पुढे जाई, मान वळवी आणि मागे येऊन खिजरच्या मांडीला टेकून चालू लागे.

आणि टेकला की नाक लागे. ओलं नाक.

"शिकारीचा कुत्रा पाळायला धर्मात परवानगी हाय," अख्तरुन्निसा उंबऱ्यावरच हात आडवा धरून म्हणायची, "चाटून घ्यायला नाय! काढा ती पँट. सात पाण्यांनी धुवायची, एकदा मातीनं. आणि माती बागेतली आणा, माझ्या पुदिन्याच्या कुंडीतली नको."

खिजर मुकाट्याने धुवायचा. पँटचा रंग उडाला, पण बर्क हटेना.

अख्तरुन्निसाचा खरा जीव अडकला होता तो दुसरीकडेच. तिची धाकटी बहीण महमुदा हिचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. बाप गेलेला, भाऊ नाही. मांडवात उभं राहायला घरात मोठा पुरुष म्हणजे थोरला जावई खिजर. महमुदाने फोनवर सांगितलं होतं, "भावोजी नाय आले तर मी कबूल म्हणायचीच नाय." आणि लीव्हचा अर्ज अबू युसुफच्या टेबलावर पडून होता. त्याने हसत हसत अट घातली, "इस जुम्मा को मेहमान आएगा, सौदी से. बर्क आगे, तो तुम्हारा लीव्ह पास. बर्क पीछे, तो तुम भी इधर."

"काय खाऊ घालताय त्याला, की तो तुम्हाला सोडीत नाय?" तिने विचारलं.

"काय नाय."

"मग करताय काय?"

"काय नाय गं."

दोन वेळा काय नाय म्हणणारा नवरा काहीतरी करतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारची अस्रची नमाज झाल्यावर ती नीलमला घेऊन माळावरच्या मातीच्या ढिगाआड जाऊन बसली. ढिगावर काटेरी झुडूप होतं, त्यातून सगळं दिसत होतं.

खिजर आला. बर्कला सोडलं. बर्क खरंच विजेसारखा सुटला. नीलम म्हणाली, "भाभी, हा तर पळतोय की!"

तेवढ्यात खिजरने तोंड उघडलं.

"तर काय सांगत होतो बर्क," तो म्हणाला, आणि कुत्रा जागच्या जागी वळला. "चहात मला साखर दीड चमचा लागते रे. बावीस वर्षं एका चमच्यावर काढली. सांगायला तोंड उघडतो, तोवर तिचा चहा पिऊन, कप धुऊन, जुबैदाच्या सुनेचा विषय निघालेला असतो." बर्क येऊन मांडीला टेकला. खिजरने त्याच्या कानामागे खाजवलं. "पंख्याचं तसंच. मला हवा एकवर, तिला तीनवर. रात्रभर मी वाळत घातल्यासारखा फडफडतो."

नीलमने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला होता, तरी हसू नाकातून बाहेर येत होतं. अख्तरुन्निसाचा चेहरा आधी लाल झाला, मग नुसताच विचारात पडला. माणूस बोलत होता. हातवारे करीत होता. पंख्याची नक्कल करीत होता. हा असा बोलू शकतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"भाभी," नीलम कशीबशी म्हणाली, "कुत्रा जातोय हो पुढे. भावोजी बोलतात म्हणून परत येतोय. त्याला वाटतं, मलाच बोलावताहेत."

"बोलावतातच हायत," अख्तरुन्निसा म्हणाली. "दुसरा कोण हाय त्यांना ऐकायला?" आणि असं आपण म्हणालो याचाच तिला राग आला.

घरी ती एक शब्द बोलली नाही. खिजर घाबरला. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या हातात एक दगडासारखी खारीक ठेवली. "तुमचा घसा बसलाय. माळावर जाताना गालात धरा. चावायची नाय, थुंकायची नाय, घरी येईपर्यंत."

"माझा घसा ठीक हाय."

"मला ऐकू येतो तो."

खारीक गालात धरून खिजर गेला. बर्क पुढे गेला, थांबला, मागे पाहिलं. मागून आवाज नाही. आणखी थोडा गेला. पुन्हा पाहिलं. खिजर गाल फुगवून चालत होता. मग बर्कने नाक जमिनीला लावलं आणि असा लांब गेला की मांजराएवढा दिसू लागला. शुक्रवार येईपर्यंत तो कुठल्या झुडपात आहे हे शोधावं लागायचं.

फक्त एक झालं. गुरुवारी चहाचा घोट घेऊन खिजर थबकला. "साखर वाढली?"

"हात चुकला," अख्तरुन्निसा म्हणाली.

खिजरने तिच्याकडे पाहिलं, मग कपात पाहिलं, आणि त्याचे कान तापले.

शुक्रवारी दुपारी मेहमान आले. मोठ्या गाड्या, हातावर ससाणे. पिंजऱ्यातले तित्तर सकाळीच माळावर सोडलेले. अख्तरुन्निसा आणि नीलम बागेतल्या स्वयंपाकघरात बिर्याणीच्या हंड्याजवळ होत्या. खिडकी थेट माळावर उघडायची. बर्कने त्या दिवशी नाव राखलं. पुढे, आणखी पुढे, डावीकडे, उजवीकडे, मग एक पाय उचलून पुतळ्यासारखा उभा. ससाणा सुटला. पाहुण्यांनी माशाल्लाचा गजर केला. खिजर खारीक धरून खाली मान घालून उभा.

अबू युसुफने त्याच्या पाठीवर थाप मारली. "खिजर, तुम उस्ताद है! ऐसा आदमी डिसेंबर में जाएगा तो बर्क को कौन देखेगा? लीव्ह फेब्रुवारी. खलास."

फुगल्या गालाने खिजर काय बोलणार? त्याने नुसती मान हलवली. होकारार्थीच हलली असावी.

खिडकीत अख्तरुन्निसाच्या हातातला झारा खाली पडला. पुरुषांच्या मेळ्यात ती जाऊ शकत नव्हती. पण तिचा आवाज कुठेही जाऊ शकत होता.

"अवो!" ती मराठीत ओरडली. "थुका ती खारीक! बोला त्याच्याशी!"

पाहुण्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिजरने खारीक हातात घेतली. "काय बोलू?"

"रोज बोलता तेच!"

"तू ऐकतीयस."

"आजचा दिवस माफ! बोला म्हणते ना!"

खिजरने घसा खाकरला. "बर्क," तो म्हणाला. लांबवर झुडपातून ठिपक्यांचं डोकं वर आलं. "बर्क, ऐक. हिच्या मावशीचे फोन मीच उचलायचे आणि लाइन कट झाली असं मीच सांगायचं. माझ्या आईने दिलेली सतरंजी हिने इस्त्रीखाली घातली. आणि घोरतो मी म्हणते! एकदा टेप करून ऐकवतो, कोण घोरतो ते." कुत्रा धावत आला, त्याच्या पायाशी बसला आणि मान तिरकी करून ऐकू लागला. अबू युसुफने "यल्ला, यल्ला" केलं, टाळ्या वाजवल्या, बोट पुढे दाखवलं. बर्कने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका पाहुण्याचा ससाणा हातावर ताटकळत पंख फडकवत होता.

"क्या बोलता इसको?" अबू युसुफने विचारलं.

खिजरने आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या डोळ्यात बघून उत्तर दिलं. "छुट्टी का बोलता, साब. फेब्रुवारी तक ऐसाच बोलता रहेगा."

मग सगळ्यात म्हातारा पाहुणा पोट धरून हसायला लागला आणि हसता हसता अबू युसुफला अरबीत काहीतरी म्हणाला. अबू युसुफने कपाळावर हात मारला. "रूह, खिजर! जाओ, डिसेंबर जाओ! लेकिन बर्क?"

खिजरने दत्तारामकडे बोट केलं. तो बागेच्या कोपऱ्यात वायरी गुंडाळत उभा होता.

"त्यांना खारीक पण लागायची नाही," नीलम खिडकीतून पुटपुटली. "लग्नाला सोळा वर्षं झाली, मी अजून ते बोलायची वाट बघतेय."

भांडी आवरून दोघं नवरा-बायको बागेच्या वाटेने घरी निघाली. महमुदाला आजच फोन लावायचा होता. अख्तरुन्निसा चक्क गप्प चालत होती. खिजर तिच्या जरा पुढेच चालत होता, आजचा दिवस माफ असा शब्द दिला होता तिने, तरी. दाराशी पोहोचली तेव्हा मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली. दोघं थांबली. अजान संपली. तिने ओढणी सारखी केली, कुलूप काढलं आणि त्याला आत यायला वाट दिली.

"सूर्य बुडाला," ती म्हणाली. "म्हणजे आजचा दिवस संपला, नवा लागला. आता सांगा, सतरंजीचं काय म्हणत होता?"