रुखवताचे चिरोटे

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही, आणि त्याला तर मी दाढदुखीपासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. पण बसा जरा. हसलात तरी चालेल. मीही बरीच वर्षं यावर मनातल्या मनात हसतच होते. तिथेच तर सगळी गोम आहे.

आधी लग्नाचं सांगू द्या. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी एकोणीस वर्षांची, अंगानं भरलेली — आई म्हणायची, खात्यापित्या घरची. नवरा साजगावच्या कारखान्यात कामाला. भिसेगावातलं आमचं घर पाहुण्यांनी नुसतं फुललं होतं. आत्या ओव्यांवरून भांडत होत्या, मामा मांडवाच्या दोऱ्या ओढत होते, आणि मी इतकी खुशीत होते की लग्न ठरलेल्या मुलीनं थोडं तरी रडावं, असं आईला सांगावं लागलं. मला रडूच येईना. काय करणार?

आमच्याकडे मुलीच्या रुखवतात काय मांडलं होतं, यावर सासरची माणसं वर्षभर बोलतात. लाडू, करंज्या आईनं घरीच केल्या. पण चिरोटे मात्र कशेळ्याच्या सखूबाईचे. ही विधवा बाई, एकटी. नुकतीच लोकांच्या ऑर्डरी घ्यायला लागली होती, आणि एवढी मोठी ऑर्डर आमचीच पहिली. एकेक चिरोटा असा, की पदर मोजून घ्यावेत. तिनं ते बांबूच्या करंडीत घालून, गावातल्या महादूच्या टेंपोतून आमच्या दारात पोचते केले.

करंडी मीच उतरवून घेतली. झाकण उघडून पाहिलं — पाहणारच ना? सगळे अख्खे होते. एक दाराआड उभं राहून खाल्लासुद्धा. मग झाकण लावलं, करंडी माजघराच्या कोपऱ्यात ठेवली, आणि कोणीतरी तिच्यावर पाहुण्यांच्या गोधड्या रचल्या.

दुपारी कासार आला. कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. तो आरशात बघायला मी एकटीच माजघरात पळाले, दोन्ही हात वर करून गिरक्या घेतल्या, दमले — आणि त्या गोधड्यांवर धपकन बसले.

कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं. आवाजच तसा झाला, सागाच्या वाळक्या पानांवर पाय पडल्यासारखा. उठले. गोधड्या बाजूला केल्या. आत चुरा. झाकण लावलं, गोधड्या होत्या तशा रचल्या, आणि बाहेर जाऊन सगळ्यांना चुडा दाखवत हिंडले.

संध्याकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, करंडी उघडली. मग त्यांनी मला विचारलं, "सुमे, करंडी तू घेतलीस ना गं? तवाच असं व्हतं?"

काय बिघडलं असतं खरं सांगून? आबा रागावले नसते. सगळे हसले असते, एवढंच. पण नवरी स्वतःच्याच रुखवतावर बसली — ही गोष्ट माझ्याआधी साजगावला पोचली असती, आणि माझ्या नातवंडांपर्यंत पुरली असती. मला दुसऱ्यावर हसायला फार आवडतं. माझ्यावर कोणी हसलेलं — नाही.

मी म्हटलं, "व्हय आबा. आले तवाच मोडलेले व्हते."

दुसऱ्या दिवशी आबा पहिल्या एसटीनं कशेळ्याला गेले, आणि सखूबाई त्यांच्याबरोबर स्वतः आली. ओट्यावर बसून तिनं करंडी उघडली. झाकण जरासं आत दबलं होतं. ते तिनं बोटानं सारखं केलं. म्हणाली, "वर कायतरी वजन ठेवलं असंल टेंपोत." महादूनं पोराची शपथ घेतली होती म्हणे, की करंडी मांडीजवळ ठेवून आणली. कोण विश्वास ठेवतो? तिनं कनवटीचे पैसे सोडले आणि सगळेच्या सगळे आबांसमोर ठेवले. आबा म्हणाले, निम्मे ठेवा. नाही ऐकलं. वर म्हणाली, "चुरा दुदात टाकून खा. वाया नका घालवू."

आम्ही खाल्ला. काय सांगू — तसं गोड मी पुन्हा कधी खाल्लं नाही. सगळी आळी वाट्या घेऊन आली. मी दोनदा घेतला.

आणि त्या परत आलेल्या पैशांत आबांनी बँडमध्ये एक क्लॅरोनेटवाला वाढवला. अहो, काय वाजवलं त्या माणसानं! आमचे मामा, ज्यांना कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तेही नाचले. सासूबाई नाचल्या. रुखवतात चिरोटे नाहीत, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तो क्लॅरोनेट आठवला की आजही माझा पाय हलतो.

मग चार वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. भर चैत्रातली दुपार. सखूबाई भिसेगावात आली ती चालत, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर करंडी, मान ताठ, पातळ घामानं भिजलेलं. कशेळ्यापासून चालत! करंडी उतरवली तर एका चिरोट्याचा पदर हललेला नव्हता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं विचारलं, टेंपोनं का नाही पाठवलेत? एसटीनं तरी यायचं.

"तुमच्या सुमीच्या लग्नात शिकले, बाय," ती हसून म्हणाली. "गाडीला चिरोटे देयाचे नाय. आता कर्जत असूं दे नायतर खालापूर, मी चालतच जाते. महादूशी तर बोलत पन नाय."

मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आता मला सासरचं भय नव्हतं, दोन पोरांची आई होते. एका वाक्याचं काम होतं. मी तांब्या पुढे केला. ती घटाघटा पाणी प्यायली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, जाड झालीस गं, बरं वाटलं. मी हसले. लोकांमध्ये तिचं नावच पडलं होतं — सखूबाईचे चिरोटे मोडत नाहीत. मी स्वतःला सांगायचे, बघ, माझ्यामुळेच तिचं नाव झालं. इतकी मी धीट.

पुढे तिची मान आखडली, वळेना. तरी ती चालत राहिली. दोन वर्षांपूर्वी गेली.

आता तिची सून चिरोटे करते. मागच्या माघात माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नाला घेऊन आली. उन्हातून, डोक्यावर करंडी. म्हणाली, सासूनं शिकवलंय, गाडीला देयाचे नाय.

मी तिलाही पाणी दिलं.