दारासमोरची पांढरी गाडी

माझ्या फजितीचे किस्से आमच्या रस्त्यावर सगळ्यांना पाठ आहेत. एका नवरदेवाच्या सफारीला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या, तो किस्सा तर लोक अजून मागून घेतात. मीही सांगतो, हावभावांसकट. स्वतःची फजिती स्वतः सांगितली की दुसऱ्या कुणी सांगायची भीती उरत नाही — एवढं शहाणपण मला लवकर आलं. पण एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. देवासमोर उभा राहतो तेव्हासुद्धा तेवढी मागे ठेवून उभा राहतो. दोनतीनदा सुरुवात केली, आणि दरवेळी मधेच काहीतरी विनोद करून निसटलो. आजही निसटायला बघेन. तुम्ही लक्ष ठेवा.

मी शिंपी. बेंगळुरूत आमचं घराणं इतक्या पिढ्यांचं की पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून तोंडावर रुमाल धरतात. होसकोटेच्या बस जातात त्या रस्त्याला माझं लाकडी दुकान होतं. मागे तळं. तळं म्हणजे नव्वदच्या सुमारास निम्मं पाणी, निम्मं गवत. तळ्याच्या काठाला झोपड्या होत्या, बहुतेक तमिळ मजुरांच्या. आमच्या भागातल्या एका कंत्राटदाराला तिथे लेआउट, म्हणजे घरांचे प्लॉट, पाडायचा होता. झोपड्या तेवढ्या मधे येत होत्या.

आणि झोपड्यांच्या मधे येत होत्या ललिताक्का.

अक्का कोण? कुणीच नाही. पक्ष नाही, पद नाही, गाडी नाही. नळ कोरडा पडला की कॉर्पोरेशनच्या इंजिनियरला जवळजवळ हाताला धरून गल्लीत आणायच्या. म्हाताऱ्यांची पेन्शन, पोरांचे शाळेचे दाखले, सगळ्यांच्या रांगेत याच उभ्या. झोपड्या पाडायला पहिल्यांदा बुलडोझर आला तेव्हा त्यांनी माझ्याच दुकानातली खुर्ची उचलली, यंत्रासमोर टाकली आणि लोकरीचं विणकाम काढून बसल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब रे, टाके मोजतेय." दुपारी यंत्र परत गेलं. खुर्ची परत द्यायला सेल्वी आली होती. काठावरच्या तिसऱ्या झोपडीत राहायची, बांधकामावर विटा वाहायची. खुर्ची पुसून आणली होती तिने.

मग कॉर्पोरेशनची निवडणूक लागली. वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. कंत्राटदाराने बायकोला उभं केलं. पोस्टरवर त्याचा चेहरा भोपळ्याएवढा, तिचा लिंबाएवढा. अक्का अपक्ष उभ्या राहिल्या. चिन्ह मिळालं छत्री. आणि माइक कुणाच्या हातात द्यायचा? गावभर बडबड करणाऱ्या एकुलत्या एका रिकामटेकड्याच्या हातात.

रिक्षाला भोंगा बांधून मी अक्कांचा आवाज झालो. पहिल्याच दिवशी एका अख्ख्या गल्लीत 'शिलाई मशीनलाच मत द्या' म्हणून ओरडत गेलो — सवय हो, दुसरं काय — आणि शिलाई मशीन हे भलत्याच उमेदवाराचं चिन्ह! सेल्वी रिक्षामागे धावत आली. "अण्णा, छत्री! छत्री!" लोक पोट धरून हसले. तो दिवस मी नंतर कितीदा रंगवून सांगितला असेल. तिथपर्यंतच सांगतो नेहमी. इथे लोक हसतात, आणि मी चहा मागवतो.

आज पुढे जातो.

सेल्वी सकाळी विटा वाहायची आणि संध्याकाळी दारोदार हिंडायची. अक्का निवडून आल्या तर झोपड्या राहतील, नाही आल्या तर जातील, हे तिच्याइतकं आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. आम्हाला ती निवडणूक होती. तिला ते छप्पर होतं.

प्रचाराच्या शेवटच्या दुपारी अक्कांच्या यजमानांच्या छातीत कळ आली. सेल्वी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांची पांढरी अँबॅसेडर अक्कांच्या दारासमोर, त्या आतल्या बोळाच्या टोकाला, बराच वेळ उभी होती. मी तिथेच होतो. अक्कांनी मला बाजूला घेतलं. "लोकांना सांग, यजमानांना बरं नाही म्हणून आज मी फिरत नाही. पण मी उभी आहे. तेवढं सांग." सरी, अक्का, म्हणालो. बरं, सांगतो.

अपक्ष उमेदवाराला हरवायचा सगळ्यांत सोपा मार्ग तुम्हाला ठाऊक आहे का? तो 'बसला' म्हणायचं. नाव मतपत्रिकेवर असतंच, पण आतून सौदा झाला, माणूस बसला — एवढं पसरलं की झालं. कोण कशाला आपलं मत वाया घालवेल?

संध्याकाळी दुकानात राजण्णा आला. कंत्राटदाराचा माणूस. सफारी शिवायची म्हणाला. मी टेप घेतली. त्याच्या गळ्याचं माप घेतलं. त्याने सिगारेट पेटवली, आणि जळती काडी माझ्या कटिंग टेबलावर ठेवली, कापलेल्या कापडापासून वीतभर अंतरावर. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. ती विझली तेव्हा तो म्हणाला, "सगळं लाकडाचंच ना, अण्णा? जपा हं." आणि जाता जाता: "उद्या लोक विचारतील, अक्का बसल्या का म्हणून. तुम्ही खोटं बोलू नका. फक्त नाही म्हणू नका."

बघा, इथे थांबलो असतो तर किती बरं झालं असतं! भित्रा शिंपी, जळती काडी, गरीब बिचारा. तुम्हीही म्हणाला असता, कुणीही घाबरलं असतं. मी स्वतःला वर्षानुवर्षं हीच गोष्ट सांगत आलो. इथवरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात नेहमीची मंडळी उभ्याने इडली खात होती. कुणीतरी विचारलंच. "काय टेलर, तुमच्या अक्का बसल्या म्हणे?" मी कॉफी ढवळली. गप्प राहिलो. राजण्णाने सांगितलं होतं तेवढं झालं होतं. दुकान वाचलं होतं. मी तिथून निघू शकत होतो.

पण सगळे माझ्याकडे बघत होते. हातातली इडली हातात. अशी शांतता मी जन्मभर ओळखतो हो — किस्सा सुरू व्हायच्या आधीची. ती मला रिकामी सोडवत नाही. मी डोळा मिचकावला आणि म्हणालो, "मी कशाला बोलू? पण काल दुपारभर त्यांच्या दारासमोर पांढरी अँबॅसेडर कोणाची उभी होती, ते विचारा की."

कंत्राटदाराची गाडीही पांढरी अँबॅसेडरच होती. हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. मलाही.

"अय्यो!" कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने कपाळाला हात लावला. आणि मला — लिहायला हात धजत नाही, पण लिहितो — मला बरं वाटलं. किस्सा जमला की वाटतं तसं. राजण्णाने गप्प राहायला सांगितलं होतं. गाडीची पुडी माझी होती. ती मला कुणी सांगायला लावली नव्हती.

दुपारपर्यंत ती गाडी तोंडोतोंडी वॉर्डभर फिरली. संध्याकाळी माझ्याकडेच परत आली, तर तिच्यात कंत्राटदार बसलेला होता आणि अक्कांच्या यजमानांनी त्याला दारापर्यंत सोडलं होतं. माणूस अंथरुणावरून उठू शकत नव्हता. सेल्वी तेवढी दारोदार सांगत हिंडली, डॉक्टरांची गाडी होती, मीच आणली होती. तिचं कोण ऐकतो? मतदान झालं. अक्का पडल्या.

आता खरं सांगायचं ते येतं. तुम्हाला वाटलं ते येऊन गेलं, नाही? मलाही तसंच वाटायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात अक्का दुकानात आल्या. यजमान सावरले होते. अक्का मात्र एकदम वाळल्यासारख्या दिसत होत्या. बसल्या. हरल्याचं काही नाही म्हणाल्या. "पण आमच्या बोळात उभी असलेली गाडी बाहेर माहीत कशी झाली? घरातलंच कुणीतरी बोललं. तू चार ठिकाणी उठतोस-बसतोस. तुला कळलं असेल."

त्या दिवशी माझ्या टेबलावर काडी नव्हती. राजण्णा नव्हता. रस्त्यावर ऊन होतं, बाजूच्या दुकानात रेडिओ चालू होता. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की माझ्यावर त्यांचा संशय जाणंच शक्य नव्हतं. मी म्हणालो असतो, अक्का, मी — तर काय झालं असतं? एक थप्पड? तोंड फिरवून गेल्या असत्या? बास. तेवढंच.

मी म्हणालो, "अक्का, सांगू नये. पण सेल्वीला मी राजण्णाशी बोलताना पाहिलं होतं."

पाहिलं होतंच. तळ्याच्या वाटेवर राजण्णा तिला अडवून उभा होता आणि ती त्याला साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा शिव्या देत होती. शिव्यांचं मी सांगितलं नाही. माझी पद्धत तुमच्या लक्षात आली असेल: गाडी खरी, बोलणं खरं, मधला एक तुकडा कापून घ्यायचा आणि शिवण दिसू द्यायची नाही. त्या काळात, नदीच्या पाण्यावरून तापलेल्या या शहरात, तमिळ माणसाबद्दल काहीही सांगितलं तरी पटकन पटायचं, हेही मला चांगलं ठाऊक होतं.

 अक्का म्हणाल्या, "तिच्यासाठीच तर उभी राहिले होते रे." उठल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तू होतास म्हणून निभावलं.

सेल्वीला त्यांनी काही विचारलं नाही. बोलणं फक्त बंद केलं. ती दाराशी गेली की त्या आत जायच्या. तिला वाटलं, हरल्या म्हणून मन खट्टू झालंय, येतील चार दिवसांनी.

बुलडोझर आला तो सकाळीच. या वेळी बरोबर पोलीस होते. माणसं भांडी, गाद्या, पत्रे ओढून बाहेर काढत होती, आणि तरीही मधेमधे थांबून रस्त्याकडे बघत होती. पहिल्या दोन झोपड्या गेल्या. सेल्वी धावत माझ्या दुकानापाशी आली. काखेत मूल, हातात स्टोव्ह. केसांत माती.

"अण्णा, अक्का का आल्या नाहीत? कुणी सांगितलं नाही का त्यांना?"

मी मशीनवर होतो. पाय थांबवला नाही. "गोत्तिल्ला," म्हणालो. मला ठाऊक नाही.

तिने स्टोव्ह माझ्या पायरीवर ठेवला, मूल दुसऱ्या काखेत घेतलं, आणि अक्का येतीलच म्हणून परत जाऊन तिसऱ्या झोपडीच्या दारात उभी राहिली.