सुबाभळीचा पाला

लग्न होऊन वारज्यात आले तेव्हा सासऱ्यांची शेती संपत आली होती. तिन्ही बाजूंना सोसायट्या आणि मधल्या तुकड्यात आमचं घर, गोठा, एक गाय आणि कुंपणाला ओळीने सुबाभळी. सासरे त्या झाडांचं कौतुक करताना थकत नसत. हवेतला नत्र मुळाशी साठवतात, जमिनीला फुकट खत, गाईला फुकट चारा. मी कसबा पेठेतली. आमच्याकडे हिरवा चारा म्हणजे कोथिंबिरीची जुडी. मी आपली मान डोलवायचे.

गाय गाभण होती, म्हणून सासरे तिला कडबा कमी आणि हिरवा पाला जास्त घालत होते. एका सकाळी गोठा झाडताना केराबरोबर केसांचा झुपका आला. शेपटीचा गोंडा होता तो, अख्खा, कुणीतरी काढून ठेवलेल्या गंगावनासारखा. ओढल्याची खूण नाही, कापल्याची नाही. मी तो तसाच सासऱ्यांना नेऊन दाखवला.

"कुणीतरी कायतरी खायला घातलंय तिला," सासरे म्हणाले. "पोटातल्यावर डोळा हाय कुणाचा."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

त्यांनी बाहेरचं सगळं बंद केलं. टेम्पोतून येणारा कडबा नको, शेजारणीची भाकरी नको. अमावास्येला सोसायटीतल्या बायका नैवेद्य घेऊन यायच्या, त्यांनाही फाटकातूनच परत. वासरू वाचायचं तर गाईला फक्त आपल्या हातचं, आपल्या झाडांचं. सासरे स्वतः कोवळा पाला छाटून आणायचे आणि गाय असा काही फडशा पाडायची की बघत राहावं.

केस गळतच राहिले. गळ्याखाली सूज आली, हंबरणं घोगरं झालं. ती खंगेल तसा सासऱ्यांनी पाला वाढवला. दुपारी घरात कुणी नसलं की कुंपणावरच्या वाळक्या शेंगा खुळखुळायच्या. वारा पडलेला असतानाही मला तो खुळखुळाट ऐकू यायचा. संध्याकाळी पानं मिटायची आणि गाय त्या मिटलेल्या झाडांकडे टक लावून उभी राहायची. मला तिची भीती वाटायला लागली होती.

"डॉक्टरांना बोलवू या ना," मी म्हटलं.

"त्यो बी बाहेरचाच."

वासरू भर दुपारी झालं. एवढंसं, अंगावर तुरळक केस, गळ्याला गाठ. तोंड उघडायचं, पण आवाज निघत नव्हता. गाय त्याला चाटत होती. तेव्हा कुठे सासऱ्यांनी डॉक्टरांना आणायला सांगितलं.

"डॉक्टर, कुणाचं काम असंल हे?"

डॉक्टरांनी गव्हाणीतली डहाळी उचलली. "रोज हेच घालता? नुसतं?"

"दुसरं काय शिवू दिलं न्हाय तिला."

"अहो, चारा चांगलाच आहे, पण कडब्यात मिसळून. नुसताच खाल्ला की त्यातलं विष अंगात भिनतं. कडबा चालू ठेवला असता तर ही वेळ आली नसती."

दिवे लागायच्या आत वासरू गेलं.

कडब्यावर गाय सावरली, शेपटीला केसही आले. पण सासरे आता गोठ्यात जात नाहीत. त्यांच्या वहाणांचा आवाज आला की ती अजूनही दावं ताणून पुढे येते, पाल्यासाठी तोंड उघडते. म्हणून फाटकाकडे जाताना ते वहाणा हातात घेतात आणि घराला वळसा घालून अनवाणी जातात.